खापरं आणि कोनशिला

पुरातत्त्व विभागात शिरताच कुलगुरू खेकसले, "ही फुटकी खापरं मागच्या खड्ड्यात फेका! इथं माझं सत्कार-दालन होणार." म्हातारे प्राध्यापक लाचारासारखे माना डोलवू लागले. त्याच खापरांवर संशोधन करणारी ऋजुता मात्र पेटली.

"फेकते की, सर! त्या खड्ड्यात तुमच्या नावाची फुटलेली कोनशिला आधीच पडलीय."

"मग?"

"एका खड्ड्यात, एकाच थरात जे सापडतं, ते आम्ही एकाच काळातलं धरतो. हजार वर्षांनी कुणी तिथं खणलं, तर छातीठोकपणे लिहील, 'या कुलगुरूंच्या अमदानीत विद्यापीठात एकही मडकं धड नव्हतं!'"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. कुलगुरूंचा चेहरा खर्रकन उतरला.

"खापरं राहू देत इथंच," ते गुरगुरले, "आणि ती कोनशिला आधी बाहेर काढा!"