आसन न सोडता

“चूक माझी की त्या बायांची, तेवढंच सांगा बुवा!”

तन्मय बसायलासुद्धा तयार नव्हता. दोन वर्षं खपून त्याने आरोग्य केंद्रांतल्या नर्सबायांसाठी टॅबवरचं अॅप रचलं होतं. काल चाळीसच्या चाळीस जणींनी टॅब कपाटात टाकले आणि वह्या उघडल्या. संतापाने त्याला रात्रभर झोप नव्हती.

“लशीच्या नावावर बोट ठेवलं की नवं पान उघडतं, सगळी माहिती मिळते. वाचा आणि मागे या! तर म्हणे, मागे आलं की बाळाची भरलेली माहिती पुसलेली असते. मग भरा की पुन्हा! नाचता येईना अंगण वाकडं...”

सोमगीर बुवांनी एक पोथी त्याच्यापुढे सरकवली.

“एक अध्याय वाच. मठाचा नेम ठाऊक आहे ना? मध्येच आसन सोडलं, तर पहिल्या ओवीपासून.”

एवढंच ना! तन्मयने मांडी ठोकली. सतराव्या ओवीला एका शब्दावर अडला.

“याचा अर्थ?”

“अर्थांची पोथी आतल्या खोलीत आहे. बघून ये.”

तो आला, तेव्हा बुवांनी पानं मागे उलटून ठेवली होती.

“आसन सोडलंस.”

दुसऱ्यांदा तो तेविसाव्या ओवीला अडला. उठला, आला. पुन्हा पहिलं पान.

तिसऱ्यांदा चाळिसावी ओवी. तो आतून परतला आणि पुढ्यात पुन्हा पहिलं पान बघून त्याचं डोकंच फिरलं.

“हा छळ आहे बुवा! एक शब्द बघायला गेलो होतो, पळून नव्हतो गेलो! एवढं केलेलं सगळं पाण्यात?”

...

आपलाच आवाज त्याच्या कानावर आला. पाडवी सिस्टरनी तक्रारीत लिहिलं होतं, ‘एक लस बघायला गेले होते, पळून नव्हते गेले.’ ते वाचून तो कालच हसला होता.

तन्मय खाली बसला. राग अजून होता, पण आता तो कुणावर काढावा ते त्याला कळेना.

“मग... अर्थ बघायचा तरी कसा?”

बुवांनी आपली रोजची जुनी पोथी मांडीवर घेतली. पानापानाच्या समासात बारीक लाल अक्षरांत अर्थ लिहिलेले होते. अवघड शब्दावर त्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवलं. उजवं बोट समासाकडे नेलं, अर्थ पाहिला, आणि ते पुढची ओवी म्हणू लागले.

“इतक्यात परत कसे आलात?”

बुवांनी मान वर केली नाही.

“गेलो होतो कुठे?”