शालीतले रांजण

अर्जोजीराजांच्या दुकानातून द्राक्षांची दारू विकत घेणारा प्रत्येक माणूस सरळ तुरुंगात जाऊ लागला!

राजांना दोन गोष्टींचं भारी वेड. एक म्हणजे सत्कार. नवी दारू भरली, तेव्हा त्यांनी बाराही रांजणांना जाड लोकरी शाली पांघरल्या, वर फेटे बांधले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावेत म्हणून भर उन्हात दुकानाच्या ओट्यावर मांडले. दुसरं वेड अभिप्रायाचं. दारूचा पेला घेतला की गिऱ्हाइकानं समोरच्या खुर्चीवर बसायचं आणि खुद्द राजांना अभिप्राय सांगायचा; शेजारी बसलेला कारकून तो लिहून घ्यायचा. राजे स्वतः थेंबालाही शिवत नसत.

पहिला बसला येसबा कासार. घोट घेतला आणि ओरडला, "आईगं! आंबट!"

"राजाच्या मालाला नावं ठेवतोस? टाका आत!"

दुसरा होता शिंपी. तो घाबरून म्हणाला, "साखर आहे, महाराज, साखर!" पण बोलताना त्याचा एक डोळा मिटला तो उघडेचना.

"खोटारडा! टाका आत!"

तिसरा नुसताच गप्प बसला.

"राजाला उत्तर देत नाही? टाका आत!"

पंधरा दिवसांत तुरुंग इतका भरला, की जागा करायला दोन अट्टल चोर सोडून द्यावे लागले.

येसबाची सून भिवरा ताक विकायची. सासऱ्यांचा डबा घेऊन ती रोज तुरुंगाच्या दारात जायची आणि रोज पहारेकरी तिला हाकलायचा. सोळाव्या दिवशी ती डबा घेऊन थेट दुकानात आली.

"महाराज, माझ्या मामंजींना सोडा!"

"सोडतो की!" राजे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तू अभिप्राय दे. त्यात वाईट शब्द नको, खोटा शब्द नको आणि गप्प बसायचं नाही. वर मी खूश झालो पाहिजे! जमलं तर सगळे सुटतील. नाही जमलं, तर तूही आत!"

दुकानाचे कारभारी निंबाजीपंत गालातल्या गालात हसले. त्यांनी तिसऱ्या रांजणातून पेला भरून दिला.

भिवरानं पेला नाकाशी नेला, शालीतल्या रांजणांकडे पाहिलं आणि उठली. "माझा अभिप्राय तोंडात मावायचा नाही, महाराज. ताटलीत आणते."

ती पेला घेऊन शेजारच्या खानावळीत शिरली आणि थोड्या वेळानं ताटली घेऊन आली. ताटलीत उभा चिरलेला कांदा होता, काकडी होती, मीठ होतं, हिरवी मिरची होती. राजांनी एक फोड तोंडात टाकली. मग दुसरी. मग ताटलीच जवळ ओढली.

"वाहवा! काय आंबट, झणझणीत शिरका आहे! माझ्या आचाऱ्याला जन्मात असा जमला नाही. कुठून आणलास?"

"काय म्हणालात, महाराज? शिरका?"

"शिरका! शंभरदा म्हणेन, शिरका!"

"लिहून घ्या हो, कारकूनदादा," भिवरा म्हणाली. "महाराज, हा शिरका तुमच्याच तिसऱ्या रांजणातला!"

निंबाजीपंतांचं हसू मावळलं. कारकुनानं चाचरत विचारलं, "महाराज, मालाला नाव ठेवलं म्हणून तुम्हालाही... आत?"

"मी नाव कुठं ठेवलं?" राजे गरजले. "मी तर ताटली ओढून खाल्लं!"

"मग मीही नाव ठेवलं नाही," भिवरा म्हणाली. "खोटं बोलले नाही, गप्प बसले नाही, आणि तुम्ही तर बोटं चाटताय!"

राजांनी बोटं घाईघाईनं पुसली. "पण माझ्या दारूचा शिरका केला कोणी? नाव सांग! हत्तीच्या पायी देतो!"

"सांगते. आधी त्या रांजणांच्या शेजारी बसा. त्यांच्यासारखीच शाल पांघरून, फेटा बांधून."

"हात्तिच्या! एवढंच?" राजे रुबाबात ओट्यावर बसले. वैशाखातली दुपार होती. थोड्याच वेळात फेट्यातून घामाच्या धारा लागल्या, नाक लाल झालं, मिशा खाली लोंबल्या.

भिवरानं अदबीनं विचारलं, "अभिप्राय, महाराज?"

राजांनी तोंड उघडलं. वाईट बोलायची सोय नव्हती. तोंड मिटलं. 'छान आहे' म्हणावं तर ते खोटं. गप्प बसावं तर कारकून टाक उचलून तयारच! शेवटी त्यांनी शाल भिरकावली आणि बोंब ठोकली, "सावली! अरे, कुणीतरी मला सावलीत न्या रे!"

"महाराज, तुमचे रांजण फाल्गुनापासून हेच ओरडताहेत! त्यांना कुणी अभिप्रायाच्या खुर्चीवर बसवलंच नाही!"

 राजे असे हसले, असे हसले, की शेजारच्या रांजणाला धरूनच त्यांना उभं राहावं लागलं. आणि धरताच हात भाजून उडी मारली!

तुरुंगाची दारं उघडली. सगळ्यांत आधी येसबा बाहेर आला, दोन्ही हात काखेत दाबून, कुडकुडत.

"मामंजी, बरं नाही का?" भिवरानं घाबरून विचारलं.

"बरा आहे गं! पण ते तुरुंगाचं भुयार आहे की बर्फ? वैशाखात दात वाजत होते माझे!"

"ऐकलंत, निंबाजीपंत?" राजे ओरडले. "पुढची सगळी दारू त्या तुरुंगात! आणि शाली काढा आधी!"

उन्हातले बाराही रांजण राजांनी भिवराला बक्षीस दिले, आणि वर चार दुभत्या म्हशी. आठवड्याभरात तिनं त्याच ओट्यावर शिरक्यातल्या कांद्याचं दुकान थाटलं. पहिल्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे, ताटली घेऊन, अर्जोजीराजे उभे होते!