अर्धी पिंपं

एका बंदरात धाकोजी नावाचा एक तांडेल राहत होता. गलबत हाकावं तर त्यानंच, असं सगळे म्हणत. समोर म्हणत नसत, पण मागे नक्की म्हणत.

त्या मुलखाच्या राजाला एकदा हौस आली. दूरदेशीचे दर्यावर्दी नवी नवी बेटं शोधतात, त्यांची नावं समुद्राला चिकटून राहतात, हे त्यानं ऐकलं होतं. आपल्याही राज्यात असा एखादा असावा, असं त्याला वाटू लागलं. संध्याकाळी पक्ष्यांचे थवे पश्चिमेला जातात, तेव्हा तिकडे नक्की बेट असणार, असं कोळी पूर्वीपासून सांगत. राजानं दवंडी पिटवली. बेट शोधील त्याचं नाव बेटाला, आणि बरोबरच्या प्रत्येक खलाशाला तिथं जमीन.

धाकोजी तयार झाला. खलाशीही मिळाले. त्यात त्याचा मेहुणा तुकजी सगळ्यांत पुढे. पण निघायच्या दिवशी खलाशांच्या बायका धक्क्यावर आल्या आणि हलेनात. आता त्यांचंही बरोबरच होतं. परतायची वाट ठाऊक नाही अशा ठिकाणी माणूस पाठवायचा म्हणजे जीव टांगणीलाच की.

धाकोजी त्यांना म्हणाला, "गलबतावर पाण्याची पिंपं आहेत. अर्धी रिकामी झाली की मी वळेन. बेट दिसो की न दिसो."

मग बायका बाजूला झाल्या.

वारा चांगला होता. गलबत पश्चिमेला पळत राहिलं. पाणी, पाणी आणि पाणी. खलाशी कंटाळले, भांडले, पुन्हा एक झाले. आणि एके सकाळी कुणाला तरी लाटांवर हिरवी फांदी दिसली. पानं अजून ताजी होती. संध्याकाळी डोक्यावरून थवे गेले, सगळे एकाच दिशेला. गलबतावर नुसता नाच सुरू झाला. कुणी आपल्या जमिनीत नारळ लावायचे की सुपारी, यावर वाद घालू लागला.

त्याच संध्याकाळी अर्धी पिंपं संपली.

धाकोजीनं सुकाणू हातात घेतलं आणि गलबत वळवलं.

नाच थांबला. तुकजी धावत आला. "भावोजी, हे काय करताय? बेट समोर आहे. फक्त एक दिवस द्या."

"जायचा एक, तसा यायचाही एक. आणि उद्या संध्याकाळी तू आणखी एक मागशील."

"पण बेटावर पाणी असेलच ना."

"असेल. नसलं तर?"

राग मात्र सगळ्यांना आला. तांडेलाला बायकोच्या हातची आमटी आठवली, असं एक जण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला. धाकोजीला वाईट वाटलं नाही असं मुळीच नाही. अंधार पडेपर्यंत तो मान वळवून पश्चिमेलाच बघत होता. बेटाला आपलं नाव मिळावं, असं कुणाला वाटत नाही?

परतीला तोच वारा समोरून तोंडावर येऊ लागला. मग तर पडलाच. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. एकेक पिंप रिकामं होऊ लागलं. आधी प्रत्येकाला तांब्याभर पाणी मिळे, मग करवंटीभर, मग त्याच्याही अर्धं. आमटीची थट्टा करणारा आता आपल्या वाट्याचं पाणी तोंडात धरून बसे, गिळायला तयार नसे. तुकजी धाकोजीशी बोलत नव्हता, पण एके दुपारी येऊन मुकाट्यानं त्याच्या शेजारी बसला.

शेवटच्या पिंपाचा तळ दिसू लागला, आणि पहाटे वाऱ्यावर वास आला. वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा. एरवी नाक दाबणारे गडी तो वास छाती भरभरून घेऊ लागले. घर आलं होतं.

धक्क्यावर अख्खं बंदर जमलं. बेटाचं कुणी विचारलं नाही. आधी सगळ्यांनी डोकी मोजली. एकीनं आपला नवरा बघितला, पदरानं डोळे पुसले आणि लगेच दाढीवरून त्याला झापायला सुरुवात केली. धाकोजीच्या बायकोनं विचारलं, "मिळालं का बेट?"

"नाही."

"बरं. जेवायला चला."

राजा मात्र नाराज झाला. "काय आणलंस?" त्यानं विचारलं.

"नेली होती तेवढी माणसं परत आणली, महाराज. बेट असावं असं वाटतं. पण डोळ्यांनी पाहिलं नाही, तेव्हा आहे असं म्हणणार नाही."

दरबारी हसले. तेवढ्यात दलाजी नावाचा दुसरा तांडेल पुढे आला. "मला पाठवा, महाराज. बेट मिळाल्याशिवाय मी वळणारच नाही."

राजा खूष झाला. पुन्हा दवंडी पिटली. दलाजी धक्क्यावर दिवसभर उभा राहिला, पण एकही खलाशी फिरकला नाही. विहिरीवर बायका सरळ म्हणाल्या, "जो वळणारच नाही म्हणतो, त्याच्या गलबतात नवरा कोण चढवील बाई?"

राजानं खलाशांना बोलावून विचारलं, "मग जाणार तरी कुणाबरोबर?"

तुकजी म्हणाला, "धाकोजी निघत असतील, तर आज निघतो."

राजा शहाणा होता. त्यानं मोठं गलबत दिलं आणि पिंपं दुप्पट दिली. धाकोजी पुन्हा निघाला. जिथून वळला होता ती जागा मागे टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी बेट दिसलं.

खरंच होतं. काळा खडक, दवावर जगणारी चार झुडपं आणि पक्ष्यांची घरटी. खलाशी उतरले आणि बेटभर फिरले. एका खड्ड्यात पाणी साचलेलं दिसलं. तुकजीनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. खारट होतं. गोडं पाणी त्या बेटावर थेंबभरही नव्हतं.

तुकजी खडकावर मटकन बसला.

"काय झालं रे?" धाकोजीनं विचारलं.

"काही नाही, भावोजी. त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, तेच बघतोय."

धाकोजी त्याच्या शेजारी बसला आणि त्यानं तांब्या पुढे केला.

"नको बघूस. पाणी पी."

तात्पर्य: पुढे जायची हौस कितीही मोठी असो, आपल्या भरवशावर निघालेल्यांना दिलेला शब्द तिच्याहून मोठा मानावा. वेळेवर मागे फिरायलाही धाडसच लागतं, आणि असं धाडस असलेल्या माणसाबरोबर लोक पुन्हा निघतात.