देवझरीचं जंगल आणि दिवाणांचा तट

देवझरी संस्थानच्या दिवाणांनी, भास्करपंतांनी, गावामागच्या डोंगरावरचं सरकारी जंगल एका लाकूडव्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. जंगलाची राखण करणाऱ्या ठकूबाईला हे कळताच ती तडक डोंगर उतरली आणि दरबारात जाऊन उभी राहिली. भास्करपंतांचं बोलणं तेव्हा रंगात आलं होतं.

“महाराज, हे जंगल नुसतंच उभं आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या काही कामाला आलेलं नाही. विकून मोकळे होऊ.”

“सरकार, एक विनंती आहे,” ठकूबाई म्हणाली. “विकायचंच असेल, तर आधी गावाभोवतालचा तट विकावा. त्याचे दगडही चांगले आहेत.”

भास्करपंत उसळले. “वेड लागलंय का तुला? तट विकायचा?”

“तोही नुसताच उभा आहे की, दिवाणसाहेब. माझ्या जन्मात तर एकही शत्रू त्याच्यावर चालून आलेला नाही.”

“अगं बाई, तट उभा आहे म्हणूनच शत्रू येत नाही!”

“अगदी बरोबर बोललात,” ठकूबाई हात जोडून म्हणाली. “आणि जंगल उभं आहे म्हणूनच पावसाळ्यात डोंगर गावावर येत नाही.”

महाराज पोट धरधरून हसले, त्यांच्यामागे दरबारही हसला, आणि महाराजांनी विक्रीचा कागद सगळ्यांसमोर फाडून टाकला.

ठकूबाई आनंदाने निघाली. दारापाशी पोचल्यावर तिला आठवलं, आपण मुजरा करायचाच विसरलो. ती धावत परत आली, मुजरा केला, आणि सगळा दरबार पुन्हा खळखळून हसला. या वेळी भास्करपंतसुद्धा.