धामणघाटात दार का वाजवत नाहीत

१४ मार्च, गुरुवार. पहाटे गारवा, नऊनंतर कडक ऊन, वारा नाही.

धामणघाटात पोचताच मी सुखलालबाबा कासदेकरांचे दार ठोठावले. आतून त्यांची सून ओरडली, "मी काय झाड हाय का, भाऊ? आवाज द्या नं!"

सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव लाकडावर जगते. कोणी तोडणीला जातो, कोणी आरागिरणीत, कोणी सुतारकामात. उरलेले या सगळ्यांना चहा आणि किराणा विकतात. दारे तर अशी सुरेख सागवानी, की पाहत राहावे. पण एकावरही घंटी नाही, आणि त्यांवर कोणी थाप मारत नाही. असे का, म्हणून आम्ही तिघा पाहुण्यांनी विचारले. बाबांनी उभा जन्म तोडणीत घालवलेला. त्यांनी ओट्यावर बसवून सांगितले ते असे.

फार पूर्वी गडाच्या राजाने नव्या दरवाजासाठी धामणघाटाकडे साग मागितला. चैत्र संपायच्या आत लाकूड गडावर आले नाही, तर जंगलतोडीचा हक्क दुसऱ्या गावाला जाणार होता. हक्क गेला की चूल गेली. जुना, सरळ, कवेत न मावणारा एकच साग होता. लाकूडतोड्यांचा म्होरक्या लाखा याने रिवाजाप्रमाणे कुऱ्हाडीची मागची बाजू खोडावर आपटली. लाकूड भरीव की पोकळ, ते आवाजावरून कळते.

तर म्हणे, आतून उत्तर आले. टक्. त्याने पुन्हा ठोकले, पुन्हा टक्.

लाखा बसून राहिला. थोड्या वेळाने एक धनेश पक्षी चोचीत पिंपळाची फळे घेऊन आला. खोडावर चिखलाने लिंपलेली ढोली होती, सालीच्याच रंगाची. तिच्या फटीतून आतल्या मादीने चोच पुढे केली. अंडी घालताना ती स्वतःला अशी कोंडून घेते. लाखाने कुऱ्हाड खाली ठेवली. "आत घर हाय," तो म्हणाला. "ते बाहेर येईस्तोवर मी या झाडाले हात लावणार नाही."

गाव चिडले. "पाखराच्या घरापायी आमची घरं बसवतं काय, बे?"

लाखाची बायको मुंगी घरी गेली. तिने आपल्या दाराची फळी चौकटीतून उपसली आणि बैलगाडीत टाकली. शेजारीण हसली, "आता कुत्रीच जेवतीन तुह्या घरी." मुंगी म्हणाली, "जेवू दे. हक्क गेला त तू काय रांधशीन?"

शेजारणीने आपलेही दार काढायला नवऱ्याला हाक मारली. संध्याकाळपर्यंत गावात एकही दार उरले नाही, असे सांगतात. त्या फळ्या सांधून गडाचा दरवाजा झाला. राजाच्या कारभाऱ्याने त्यावर हत्ती घालून पाहिला. दरवाजा हलला नाही. हक्क राहिला.

ज्येष्ठात मादी पिल्लांसह बाहेर पडली. लाखाने साग ठोकला. आतून आवाज आला नाही, तेव्हा त्यानेच तो पाडला, आणि गावाची नवी दारे त्यातूनच घडू लागली.

"पाडलाच का मग?" मी विचारले.

"त काय पूजा करत बसाचं? पोट लाकडावरच हाय नं," बाबा म्हणाले. "पण तोवर लोकाईले बाहेरून हाक माराची सवय झाली. ठोकाचं ते झाडाले."

आजही धामणघाटात पाहुणा अंगणातून हाक देतो, आणि तोड्या पहिला घाव घालण्याआधी खोड ठोकून कान लावतो. दुपारी आम्ही बाबांच्या मुलाबरोबर तोडणीवर गेलो. वनखात्याने तोडण्यासाठी खूण केलेल्या दोन सागांपाशी तो थांबला. पहिल्याला ठोकले, काही ऐकू आले नाही. दुसऱ्याला ठोकून त्याने कान लावला, मग मलाही लावायला सांगितला.

पहिला साग साडेतीनला पडला. दुसऱ्याची खूण त्याने ओल्या मातीने झाकली.