पोथीतली टिपणं

"आणि ती पोथी वाचते कशी?" निरंजनबुवांनी विचारलं.

"खुणा बघून," सौमित्र म्हणाला. "ओवी कुठे सुरू झाली, कुठे संपली, एवढं तिला दिसलं की पुरे."

ती म्हणजे लायब्ररी. एक्सएमएल, म्हणजे मजकुराला खुणा घातलेली, फाइल वाचणारा आणि पुन्हा लिहून देणारा, दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेला प्रोग्राम. मठात नेट नाही, म्हणून सौमित्र सकाळी लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला होता. तिथे मोबाइलला रेंज येते. एका ओळीची आज्ञा दिली आणि चार मिनिटांत लायब्ररी इन्स्टॉल झाली. जेवणाची घंटा व्हायच्या आत काम संपलं होतं.

सौमित्र खांबेटे पुण्यातली नोकरी सोडून मठात आला त्याला चार वर्षं झाली. तो बुवांकडे अनुग्रह मागत होता, त्यांचा शिष्य व्हायला. बुवा म्हणत, आधी पोथी मार्गी लाव.

पोथी म्हणजे मठाच्या मूळ महाराजांच्या ओव्या. बुवांनी अडुसष्टाव्या वर्षी टायपिंग शिकून त्या स्वतः संगणकात घातल्या होत्या, प्रत्येक ओवीच्या मागेपुढे कोनी कंसातल्या खुणा देऊन. आता ते एक्क्याऐंशीचे होते. ओव्यांना क्रमांक घालून फाइल छापखान्याला द्यायची, एवढंच सौमित्रचं काम.

"अडली नाही कुठे?"

"एकदाच. आठशे चाराव्या ओवीची शेवटची खूण तुम्ही घातलीच नव्हती, बुवा. इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही." तो हसला. "ती तिथेच थांबली. चूक असली की पुढे जात नाही."

"चांगली आहे," बुवा म्हणाले. मनापासून म्हणाले.

सौमित्रला हुरूप आला. त्याने सांगितलं की फाइल आता निम्म्याहून लहान झाली आहे, रिकाम्या जागा, असला-नसला कचरा सगळा गेला. पुढे घोटाळा नको म्हणून जुनी फाइल त्याने ठेवली नव्हती. पेनड्राइव्हवरही नवीच चढवली होती.

"निम्म्याहून..." बुवा म्हणाले.

मग त्यांनी अकराशे चाळिसावी ओवी वाचायला सांगितली. दिव्याची आणि वातीची ती ओवी. तिच्यावर बुवांनी जन्मभर निरूपण केलं होतं.

सौमित्रने वाचली. चांगली वाचली.

"पुढे?"

त्याने पुढची ओवी वाचली.

"मध्ये काही नाही?"

"नाही."

...

बुवांनी लॅपटॉप जवळ ओढला. एका बोटाने वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

"इथे मी लिहिलं होतं, ही ओवी महाराजांची नसावी. सहा वर्षांनी त्याखाली लिहिलं, असावीही. आणि गेल्या चैत्रात..."



सौमित्रचा चेहरा उतरला. यंत्रासाठी नसलेला, माणसाने माणसासाठी लिहिलेला मजकूर अशा फाइलीत वेगळी खूण करून ठेवता येतो. त्याला टिपण म्हणतात. बुवांनी आपल्या शंका तिथे ठेवल्या होत्या, ओवी आणि ओवीच्या मध्ये. त्याने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. ही लायब्ररी टिपणं वाचत नाही. जे वाचलं नाही ते परत लिहीतही नाही. ती राखायची असतील तर तसं आधी सांगावं लागतं, एका शब्दाचं काम. माहितीच्या पानावर दिलेलं आहे.

"पान वाचलं नव्हतंस?"

"गरज वाटली नाही."

"टिपणापाशी ती थांबली नाही?"

"नाही. टिपण म्हणजे चूक नव्हे."

...

मूळ टिपणांच्या वह्याही आता नव्हत्या. नक्कल झाली की जुनी वही नदीत सोडायची, ही मठाची रीत. बुवांनी आपल्या वह्या स्वतःच्या हाताने सोडल्या होत्या.

सौमित्र म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहितो. पहिल्या ओवीपासून बसू, आजच बसू.

बुवांनी डोळे मिटले. ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले...

"आठवलं असतं तर लिहून कशाला ठेवलं असतं?"

सौमित्र मान खाली घालून बसला होता. मग त्याला एक गोष्ट सापडली.

"महाराजांचा मात्र एक शब्द गेलेला नाही, बुवा. मी मोजून पाहिलंय."

"खरं आहे. वाचणाऱ्याला आता वाटेल, मला सगळं कळलं होतं."

बाहेर कोणीतरी पत्रावळी गोळा करत होतं. ते काम संपलं.

"पोथी तर झाली," सौमित्र शेवटी पुटपुटला. त्या वेळी विचारायचं नव्हतं, हे त्यालाही कळत असावं. चार वर्षं थांबलेल्या माणसाला राहवत नाही. "मग... अनुग्रहाचं?"

बुवा भिंतीला हात टेकून आसनावरून उठले. सावकाश खाली आले आणि सतरंजीवर, सौमित्रच्या समोर, मांडी घालून बसले. दोन्ही हात जोडले. चार वर्षांत त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"वर बसा," ते म्हणाले. "शंका मलाच आहेत. मी विचारत जातो. तुम्ही सांगत जा."