म्हाताऱ्या नगाऱ्याचा दणका

शेळ्या मुक्याच होत्या, पण त्यांच्या फुप्फुसातली मंडळी बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका शेळीच्या फुप्फुसात म्हातारा नगारा आणि पोरसवदा शंख राहायचे. जंतू घुसले की नगारा वाजे, रक्तातले पांढरे शिपाई धावून येत. जंतू मेले की शंख वाजे, शिपाई माघारी फिरत. फिरताना म्हणत, "शंखोबा, सुटलो बाबा!" ते ऐकून नगाऱ्याचं कातडं जळायचं. बोलावतो मी, आणि लाड या कालच्या पोराचे!

एका थंडीत जंतूंची मोठी धाड आली. नगारा गरजला, शिपायांनी जंतू लोळवले. शंख वाजणार तोच नगारा खेकसला, "थांब! लढाई संपली की नाही ते मी ठरवणार."

"आजोबा, आता शिपाईच भिंती फोडताहेत. श्वासाच्या खोल्यांत पाणी भरतंय. शेळीच गेली तर राहणार कुठे?"

"मला शिकवतोस?" नगाऱ्याने असा दणका लावला की शंख कुणाला ऐकूच गेला नाही. वडीलधाऱ्याला गप्प कोण करणार? शिपाई येतच राहिले. मारायला जंतू उरले नव्हते, म्हणून दिसेल ते तोडत सुटले. बाहेरून आलेल्या श्वासाला पाय ठेवायला जागा मिळेना. तो दारातूनच परत गेला. शेळी खाली बसली.

"बघ, माझ्या हाकेला किती जमतात!" नगारा म्हणाला. शंख केव्हाच पाण्याखाली गेला होता. नगाऱ्याने आणखी जोर लावला, पण भिजलेल्या कातड्यातून नुसतं 'थप' झालं.